फडातून आलेलं भजन

रंभाजी नागापूरला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होता आणि लग्नसराईत बँडात क्लॅरनेट वाजवायचा. मूळचा घोडेगावकडचा. रविवारी आमच्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसायचा, आणि गायला लागला की पुढचे दोन बाक वळून बघायचे. मी तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन पाळक कमिटीची चिटणीस झाले होते. चिटणीस म्हणजे सगळे बोलतात आणि एक बाई लिहिते.

वरातीत वाजवलेल्या सिनेमाच्या गाण्यांत त्याला ख्रिस्त सापडायचा. उपासना सुटली की अंगणात गाठून सांगायचा, "बाई, त्या गान्यात ती म्हनती ना, तू गेलास आन घर ओसाड पडलं? ते येरुशलेमसाठी रडनंच हाय."

"रंभाजी, लिहिणाऱ्याला येरुशलेम माहीतही नसेल."

"त्याला नसंल. गान्याला हाय."

मी हसायचे. सांगण्यासारखं आहे ते पुढचं.

त्र्याण्णव साली चर्चच्या वर्धापनदिनासाठी भजनांची पुस्तिका काढायचं ठरलं. रंभाजी स्वतः रचलेलं भजन घेऊन कमिटीपुढे आला. बरोबर बायको कडूबाई, हातात टाळ. विषय बायबलातल्या उधळ्या पुत्राचा, घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या. 'शिवंला उभा बाप, डोळ्यावर हात. लांबून वळखली चाल, धावला उन्हात.' भजन चांगलं होतं. चांगलं म्हणजे, माझ्या वहीवर पेन तसंच राहिलं. पण चाल सरळ सरळ तमाशातल्या लावणीची. पाळकसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

गायनमंडळाचा प्रशांत बोलला. सावेडीचा, बँकेत नोकरीला, नुकताच कीबोर्ड घेतलेला. "मामा, शब्द राहू द्या. चाल तेवढी बदला."

"चाल बदलल्यावर त्यात माझं काय ऱ्हाईल, दादा?"

मग त्यानं सांगितलं. पंधराव्या वर्षी तो घरातून पळून तमाशाच्या फडात गेला होता. ही लावणी तिथंच शिकला. बाप रोज दिवस मावळताना गावाच्या शिवेवर जाऊन उभा राहायचा. चार वर्षांनी रंभाजी परतला, तेव्हा बाप जाऊन आठ महिने झाले होते.

"मी ही चाल घोटत हुतो, तवा बाप शिवंला उभा हुता. लावनीतली बाई वाट बघती, बाप वाट बघत हुता, देव बी वाटच बघतोय. तिघांच्या तीन चाली कुठून आनू? मंडळीनं एकदा उभं ऱ्हाऊन म्हनावं, येवढंच. बापाला पोचंल."

मेलेल्यांना असं काही पोचत नाही ही आपली शिकवण आहे, हे पाळकसाहेबांनी तिथल्या तिथं त्याला सांगितलं.

कडूबाईनं टाळ खाली ठेवले. "तमाशाची चाल चालत न्हाई, आन बँडाच्या कमाईतला दशांश चर्चला चालतो व्हय?"

मतदान झालं. विरोधात हात वर गेले, त्यात माझाही होता. लावणी ती लावणी, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं.

तो बिचारा घरोघरच्या प्रार्थनेत, खेड्यापाड्यांतल्या मेळाव्यांत ते म्हणत राहिला. अशाच एका मेळाव्यात पुण्याहून आलेल्या मुलांनी ते टेप करून घेतलं. शहाण्णवच्या सुरुवातीला त्यांची कॅसेट निघाली, गिटार वगैरे लावून. वेष्टनावर भजनापुढे छापलं होतं 'पारंपरिक'. शीव मुलांना खेडवळ वाटली असावी, म्हणून बाप दाराशी आणून उभा केला होता.

प्रशांतनं कॅसेट आणली आणि भजन बसवलं. चालीला कुणाची हरकत नाही. आपण हेच नाकारलं होतं, हे प्रशांतच्या ध्यानातही आलं नाही. खोटं बोलत नव्हता तो. तीन वर्षांपूर्वी त्यानं चाल ऐकलीच नव्हती, ती कुठली आहे एवढंच ऐकलं होतं. मी पहिल्या ओळीला ओळखली.

पहिल्या रविवारी मंडळी उभी राहून म्हणू लागली. रंभाजीही उभा राहिला. मोकळ्या गळ्यानं सुरू झाला. 'शिवंला' म्हणाला. प्रशांतनं कीबोर्ड थांबवला.

"मामा, 'दाराशी' आहे. आणि तुमची फिरतही वेगळी पडतेय. ऐकून म्हणा, तुमच्यामुळे सगळ्यांचं चुकतंय."

मागं पोरी खुदखुदल्या.

"बाप दाराशी नव्हता, दादा," रंभाजी म्हणाला आणि खाली बसला.

मी पहिल्या बाकावर होते. उठून चार वाक्यं बोलले असते तर पुरलं असतं. जन्मभर पोरांना उभं करून बोलायला लावलं, आणि मी मनाशी म्हटलं, कमिटीत काढू.

कमिटीत काढलं. पुरावा मागितला गेला. आठवतंय कुणाला? दोघांना अंधूक, बाकीच्यांना नाही. त्र्याण्णवचं इतिवृत्त उघडलं. 'एक भजन आले. चाल अयोग्य. नामंजूर.' ना भजनाची ओळ, ना माणसाचं नाव. नामंजूर गोष्टीला कशाला शाई घालवायची, असा माझा खाक्या.

"बाई, अक्षर तुमचंच आहे," पाळकसाहेब सौम्यपणे म्हणाले. विषय संपला.

मी नागापूरला जाऊन रंभाजीला हे सांगितलं. फाटकाशी स्टुलावर बसला होता. मला स्टूल दिलं आणि उभा राहिला.

"जाऊ द्या बाई. मंडळी म्हनती ना. म्हनू द्या."

"आणि तुम्ही?"

"मला ती कॅसेटवाली येत न्हाई."

त्यानंतर ते भजन सुरू झालं की तो उठून बाहेर अंगणात जायचा. संपलं की कडूबाई त्याला आत आणायची. आम्ही कुणी गेलो नाही. पावसाळ्यानंतर दोघंही यायचे बंद झाले. डिसेंबरच्या सभेत सतत गैरहजर सभासदांची यादी झाली. त्याचं नाव मात्र मी पूर्ण लिहिलं, बापाच्या नावासकट.