शेळीचं दावं
हळद शिजल्याचा वास आला की मला बसल्या जागी चैन पडत नाही. नव्वदच्या दशकात मी पशुवैद्यकीचं पुढचं शिक्षण घेत होतो. कृत्रिम हाडाच्या दाण्यांनी पायाच्या हाडातली फट भरते का, हे पाहायला शेळी हवी होती. शिवारात हळद शिजत होती त्या दिवसांत वसमतच्या बाजारात तांड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पाळायला नेता का कापायला?" मी म्हणालो, "पाळायला." विकलेल्या जनावराचं दावं कुणी देत नाही, त्यानं दिलं. "ह्या दाव्याबिगर ती चारा खात न्हाई." मी तिच्या पायाच्या हाडात फट पाडून दाणे भरले; तीन महिन्यांनी एक्स-रेत फट भरलेली दिसली. शेळी लंगडत नव्हती, मला पाहून दाव्याला ओढ देत होती. हाड पुरतं भरलं होतं, म्हणूनच आता शेळी मारून ते कापून तपासायचं होतं. त्या सकाळी मी दोनदा हात धुतले आणि दोनदा बाहेर आलो. तिसऱ्यांदा आत गेलो ते काम करूनच निघालो. पुढे दावं परत करायला बाजारात गेलो, तर म्हाताऱ्यानं लांबूनच विचारलं, "व्याली का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "व्याली. दोन करडं." माझ्या हातातलं दावं बघून तो हसला. "ऱ्हाऊ द्या मंग, करडाला कामी येईल." आज माझ्या दवाखान्यात ते खिळ्याला टांगलेलं आहे. त्याला मी अजून एकही जनावर बांधलेलं नाही.