सावली कुणाच्या दारात?

तुम्ही कधी सर्व्हेत काम केलंय का? अहवाल एकच निघतो, तोही इंग्रजीत, आणि सरळ कपाटात जातो. किस्से मात्र पोतंभर साठतात! विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला होता त्या वर्षांत परभणीत मी असा एक सर्व्हे केला. झाडं, बिनधुराच्या चुली, गोबरगॅस अशा योजना निघतात, त्या गरिबाच्या दारात पोचतात का, हा विषय. आम्ही तिघं: पुण्याहून आलेले नगररचनेचे सर, जीपचे ड्रायव्हर शेखचाचा आणि फॉर्म भरणारी मी.

*

पहिल्याच दिवशी शहरातल्या एका गरीब वस्तीत एका आजींना प्रश्न वाचून दाखवला, "तुमच्या घरापासून जवळची सावली किती अंतरावर आहे?"

आजी म्हणाल्या, "सकाळची इचारायलीस का दुपारची? ती काय एका जागी बसती का, बाई?"

सरांनी तिथंच ओट्यावर बसून सगळ्या फॉर्मांवर पट्टीनं नवा रकाना आखला: 'वेळ'!

*

झरीला सुमनबाईच्या घरात बिनधुराची चूल बसवली. जाळ केला, तर धूर पाइपातून सरळ भिंतीबाहेर! घरात कुणाचा डोळासुद्धा चुरचुरला नाही. टाळ्या पडल्या. सर भाषणाला उभे राहिले आणि तेवढ्यात शेजारीण खोकत, डोळे चोळत आत आली.

"चूल हिला दिली अन् धूर मला? ह्यो कुठला इन्साफ हाय, सर?"

सर भाषण विसरले. पाइप छपराच्या वर नेईपर्यंत त्या बाईनं आम्हाला जागचं हलू दिलं नाही.

*

पेडगावात पाटलांनी गोबरगॅस बसवला होता. आधी वाटेवर पडलेलं शेण बाया गोवऱ्यांसाठी उचलायच्या. आता पाटील स्वतःच टोपलं घेऊन म्हशीमागं! सभेत सरांनी विचारलं, "गॅस आल्यापासून सगळ्यात जास्त फरक कुणाला पडला?"

मागून एक बाई बोलली, "म्हशीला! आधी तिच्या मागं कुत्रं न्हवतं, आता पाटील हायत!"

सगळ्यात मोठ्यानं पाटीलच हसले. टोपलं मात्र सोडलं नाही त्यांनी.

*

ताडकळसच्या रस्त्यावर एकदा जमावानं जीप अडवली. नामांतराचे दिवसच तसे होते. दोन्हीकडची माणसं तापलेली.

"कोणत्या बाजूचे तुमी? बोला!"

शेखचाचांनी खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. "हम झाड के बाजू के हैं, भई!"

जमावात थोडी मसलत झाली. मग एकजण म्हणाला, "जाऊ द्या रे, ह्यांच्याकून काय व्हायचं न्हाई!"

आम्ही सुटलो. सर मात्र परभणी येईपर्यंत फुगून बसले होते. "काय व्हायचं नाही म्हणजे काय, चाचा?"

*

आज आजींच्या त्या वस्तीत कडुलिंबाची दाट सावली आहे. ती कशी आली ते सांगते.

शहरात लावायला कडुलिंबाची रोपं आली होती, आणि ती बंगल्यांच्या रस्त्याला जायची हे ठरून गेलं होतं. सर अडून बसले. "तिथं सावली आहेच. वस्तीत औषधाला झाड नाही!" शेवटी एक मोठे साहेब रोपांची ट्रॉली घेऊन स्वतः वस्तीत आले. माणसं जमली. वस्तीतली गयाबाई सगळ्यांत पुढं.

साहेब म्हणाले, "रोपं देईन हो. पण जगवणार कोण? तुमच्या लोकांना झाडाची माया नाही. माझी बाग बघा, एक पान सुकत नाही!"

"बघितली की, साहेब," गयाबाई म्हणाली. "लय झ्याक हाय. कोण बघतं तिला?"

"एक माणूस ठेवलाय. झाडाशी बोलतो, झाडाशी! तसा एक तरी माणूस आहे का तुमच्या वस्तीत? नाव सांग, आत्ता ट्रॉली रिकामी करतो."

गयाबाईनं पदर सावरला आणि लाजून खाली बघितलं.

"नाव तुमीच घ्या, साहेब. बाईमाणसानं नवऱ्याचं नाव कसं घ्यावं?"