शेंदराखालची बाई

सुमेधा,

मंडळाची रौप्यमहोत्सवी स्मरणिका काल घरी आली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, पहिल्याच पानावर हात जोडलेले विश्वेश बेळे. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, जाहिरातींसकट. तुझं नाव कुठेही नाही. श्रद्धांजलीच्या पानावर आपल्याला सतरंज्या पुरवणारा मंडपवाला आहे, तू नाहीस. तू असतीस तर चष्मा पुसून म्हणाली असतीस, “बरं झालं, बेळ्याच्या त्या जोडलेल्या हातांखाली बसायला मला आवडलं नसतं.” मला मात्र राग आला, आणि या वयात राग गिळला की पित्त होतं. म्हणून लिहायला बसले. स्मरणिकेत जागा नसेल तर नसो, छापणारे दुसरेही आहेत.

तुला यातलं सगळं ठाऊक आहे. वाचणाऱ्यांना नाही. तेव्हा थोडा वेळ तुझ्याकडे पाठ करून त्यांच्याशी बोलते. मध्ये बोलू नकोस.

सुमेधा गायधनी नाशकातच जन्मली, दहीपुलाजवळ वाढली आणि टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून चिकटली. लग्न केलं नाही. का केलं नाही ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आवाज इतका गोड की पलीकडच्या माणसाला वाटावं, ही बाई जन्मात कुणावर रागावली नसेल. प्रत्यक्षात तिच्याइतका चिवट डूख धरणारं माणूस मी पाहिलेलं नाही. वडिलांच्या दहाव्याच्या दिवशी कामावर यायला अर्धा तास उशीर झाला म्हणून एका साहेबानं तिची रजा कापली होती. पुढं तो साहेब बदलून धुळ्याला गेला. तिथून त्यानं नाशिकला बायकोसाठी ट्रंक कॉल लावला की सुमेधाच्या त्या मधाळ आवाजात एकच उत्तर यायचं, “लाइन व्यस्त आहे, साहेब. प्रतीक्षा करावी.” तो निवृत्त होईपर्यंत त्याची लाइन व्यस्त राहिली.

अशी ही बाई आमच्या इतिहास मंडळात आली ती दगडांच्या प्रेमानं. मंडळ म्हणजे काय, तर रविवारी सकाळी पंधरावीस माणसं जमून जुन्या गावात फेरी काढायची, मुलांच्या किल्ले बांधण्याच्या स्पर्धा घ्यायच्या, तांब्यापितळेच्या जुन्या भांड्यांचं प्रदर्शन भरवायचं आणि शेवटी मिसळ खायची. सुमेधानं त्यात स्वतःचं एक काम काढलं. आपल्याकडे जरा नक्षी असलेला दगड दिसला की लोक त्याला तेलात कालवलेला शेंदूर फासतात. थरावर थर चढतात, कोरीव काम बुजतं, आणि दोन पिढ्यांनी तो मारुती होता, म्हसोबा होता की आणखी कुणी, हे कुणालाच सांगता येत नाही. सुमेधा गल्ल्यागल्ल्यांतून फिरून बायकांना शेंदूर लावू नका म्हणून बजावायची. परवानगी मिळाली तर कोमट तेल आणि बांबूची कामटी घेऊन आठवडेच्या आठवडे बसायची आणि पापुद्रा पापुद्रा उतरवायची. बायका तिला तोंडावर ताई म्हणत, मागं शेंदूरखाऊ म्हणत. तिला दोन्ही माहीत होतं.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात गंगा पार आटली होती. (नाशिकबाहेरच्या वाचकांनी समजून घ्यावं, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) अमरधामाच्या अलीकडे काठावर बायका एका लांबट शिळेवर धुणं धूत. तिथं राहणाऱ्या नवसाबाईनं तक्रार केली की शिळा डुगडुगते, खालून काहीतरी उंच लागतं. सुमेधानं चार माणसं लावून शिळा उलटी केली. खालच्या अंगाला वीरगळ निघाली. लढाईत मेलेल्या माणसाच्या नावानं उभा करतात तो दगड. वर पिंडीची पूजा करणारा वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, खाली गाई आणि गाई पळवणाऱ्यांशी लढाई. धुणाऱ्यांच्या चार पिढ्यांचा साबण पाठीवर घेऊन तो माणूस तोंड खाली करून पडला होता. दगड तिथंच उंबराच्या पाराला टेकवून उभा केला.

सुमेधा रोज संध्याकाळी तिथं जायला लागली. पंधरवड्यानं मला हाताला धरून घेऊन गेली. अगदी खालच्या कोपऱ्यात, वीराच्या पाठीमागं, वीतभर उंचीची एक बाई होती. पदर खोचलेला, दोन्ही हातांत मुसळ, खांद्यावरून उगारलेलं. नवऱ्याच्या पाठीशी उभी राहून तीही हाणत होती. सुमेधानं बोटानं ते मुसळ दाखवलं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आधी कधी बघितला नव्हता.

तिनं हे मंडळाच्या बैठकीत मांडलं. विश्वेश बेळे वकील आणि मंडळाचे अध्यक्ष. बोलायला मिठ्ठास, आणि दुसऱ्याचं बोलणं संपायच्या आत हसायची सवय. ते हसले. म्हणाले, “सुमेधाताई, ती बाई नाही. धोतराचा सोगा उडालाय वाऱ्यानं. तुम्हाला बाई दिसावी असं वाटतंय, म्हणून दिसतेय.” सगळे हसले. सुमेधाही हसली. ती हसली की मला धास्ती वाटायची.

दोनच महिन्यांनी एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत बेळ्यांचा लेख आला. गोदाकाठच्या वीरगळीवरील मुसळधारी स्त्री माझ्या प्रथम दृष्टीस पडली तो क्षण, वगैरे. शेजारी त्यांचा फोटो. सुमेधानं लेख कापून देवघरात ठेवला. मी विचारलं, देवघरात कशाला? म्हणाली, रोज आठवण राहावी म्हणून.

तरीही ती गप्प राहिली असती, असं मला वाटतं. नाव गेलं तर गेलं, दगड तर जागेवर आहे, असं ती म्हणत असे. पण अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला बेळ्यांनी दगडालाच हात घातला. गंगापूर रोडकडे एक बिल्डर मोठी वसाहत बांधत होता. त्याला फाटकाशी शोभेला काहीतरी पुरातन हवं होतं. बदल्यात मंडळाला तिथंच कार्यालयासाठी गाळा मिळणार होता. बैठकीत बेळ्यांनी हे संवर्धन म्हणून सांगितलं. चौथरा, फरशी, दिवे, रखवालदार. हात वर झाले. सुमेधाचा आणि माझा सोडून सगळे.

“दगड तिथला आहे,” सुमेधा म्हणाली. “तो माणूस तिथं मेला, म्हणून तो तिथं उभा केलाय. फाटकाशी उभं राहायला तो काही त्यांचा वॉचमन नाही.”

बेळे म्हणाले, “ताई, भावना बाजूला ठेवा. तुम्ही आयुष्यभर लाइनी जोडल्यात. ही पण जोडून द्या, आणि बाजूला व्हा.”

मी तेव्हाच म्हटलं, या माणसाचं आता काही खरं नाही.

बेळ्यांनी दगड हलवायला दिवस निवडला धूळवडीचा. कोर्टाला सुट्टी, रस्ते मोकळे, सकाळी सकाळी ट्रक आणि क्रेन आणून काम उरकायचं. आता धूळवडीला नाशकात काय असतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. त्या दिवशी घराघरांतले वीर निघतात. घराण्यात जो कुणी लढून किंवा अवेळी गेला असेल त्याचा चांदीचा टाक कापडात बांधून, वाजतगाजत, गंगेवर आंघोळीला नेतात. बेळ्यांच्या घरातही वीर होता. पण त्यांचा हिशोब असा की वीर निघतात दुपारनंतर, तोवर ट्रक गंगापूर रोडला पोचलेला असेल.

होळीच्या संध्याकाळी सुमेधा भद्रकालीतून शेंदराचा मोठा पुडा आणि तिळाचं तेल घेऊन माझ्याकडे आली. मला वाटलं, साफसफाईचं तेल. शेंदूर बघितला आणि मी परात काढली. दोघी गंगेवर गेलो. नवसाबाई होळीच्या गोवऱ्या रचत होती. सुमेधा परातीत शेंदूर कालवायला लागली तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“ताई, तुमीच तर आमाला शिव्या घालीत होत्या. शेंदूर लावला का दगड मरतो म्हून.”

“मरतो,” सुमेधा म्हणाली. “पण मेलेला जागचा हलत नाही. लाव हात.”

नवसाबाई लगेच उमजली. घरातून चांदीचे डोळे घेऊन आली, कधीतरी नवसाला आणून ठेवलेले. सुमेधानं वरून सुरुवात केली. पिंडी गेली, अप्सरा गेल्या, गाई गेल्या. खालच्या कोपऱ्याशी तिचा हात थांबला. मी म्हटलं, तेवढा कोपरा ठेव. ती म्हणाली, तेवढाच ठेवला तर हा देव नाही म्हणायला बेळ्याला तेवढंच निमित्त पुरे. आणि तळव्यानं मुसळावरून शेंदूर ओढला. तिनं डोळे पुसले नाहीत, हात शेंदरानं भरलेले होते.

दुसऱ्या दिवशी ट्रक सकाळी यायचा तो आलाच नाही. अंबडचा ड्रायव्हर होळीची उतरेपर्यंत झोपला होता. तो आला चार वाजता, आणि त्याच्या पाठोपाठ वीरही. ढोल, गुलाल, फेटे बांधलेली पोरं, आणि पाराशी लालभडक, डोळे वटारलेला नवा देव. नवसाबाई नारळ आणि उदबत्ती मांडून अशी बसली होती की जणू तिची सासूही तिथंच बसत आली. लोकांना इतकं पुरे असतं. एकानं टाक टेकवला, दुसऱ्यानं टेकवला, रांग लागली. क्रेनवाल्यानं चपला काढून आधी स्वतः नमस्कार केला आणि सांगितलं की आपण ह्याला दोर लावणार नाही, पोराबाळांचे आहोत.

बेळे बिल्डरला घेऊन उभे होते. चेहरा पांढराफटक. ओरडून सांगत होते की कालपर्यंत इथं शेंदूर नव्हता. ढोलात ऐकू कुणाला येणार? तेवढ्यात गर्दीतून त्यांच्याच घरचा वीर आला. टाक घेतलेला पुतण्या, आणि पुढं त्यांच्या आत्याबाई, नऊवारी, काठी, आवाज खणखणीत.

“विशू,” त्या म्हणाल्या, “उभा काय खांबासारखा? वीराला वीर भेटलाय. डोकं टेक आधी.”

“आत्या, हा देव नाही.”

“मग आपल्या टाकात कोण आहे? टेक.”

टेकलं. भर गर्दीत, बिल्डरदेखत, गुडघ्यांवर बसून टेकलं. उठले तेव्हा कपाळभर शेंदूर. सुमेधा पाराच्या कडेला उभी होती. ती पुढं झाली आणि तिच्या त्या टेलिफोनच्या आवाजात म्हणाली, “लाइन जोडून दिली हं, बेळेसाहेब.”

मंडळानं तिला काढून टाकलं. वारशाचं विद्रूपीकरण, असा ठराव झाला. शब्द खोटा नव्हता, तिनंही तो कधी खोटा म्हटला नाही. वीराला आधी पत्र्याची शेड आली, सिंहस्थाच्या वर्षी फरशा आणि घंटा आली. आत्याबाईंनी घरात दंडक घालून दिला की आपला वीर आधी तिथं जाणार. त्या गेल्या, पण दंडक सुनेनं पुढं चालवला. त्यामुळे दर धूळवडीला बेळे यायचे आणि दर धूळवडीला सुमेधा तिथं आधीच हजर असायची, हातात शेंदराची वाटी. ते वाकले की ही त्यांच्यासमोर आणखी एक थर चढवायची. मी तिला विचारलं होतं, किती वर्षं हे चालणार? म्हणाली, तो वाकतोय तोवर.

तेवढ्यासाठी तिनं काय दिलं, ते मला माहीत आहे. ती बाई तिला पुन्हा दिसली नाही. कधी कधी भाजी निवडता निवडता ती मध्येच विचारायची, मुसळ डाव्या खांद्यावर होतं ना गं? मी म्हणायचे, उजव्या. मग दोघींनाही खात्री वाटायची नाही.

झालं. आता पुन्हा तुझ्याकडे वळते, सुमेधा.

आपलं ठरलं होतं. बेळे गेले की दोघींनी जायचं, नवसाबाईला सांगून, कोमट तेल आणि कामटी घेऊन, आणि फक्त तो खालचा कोपरा उघडायचा. वीर राहू दे लोकांचा, बाई तेवढी आपली. दोन हजार सातच्या पावसाळ्यात बेळ्यांना छातीत दुखून दवाखान्यात नेल्याचं कळलं आणि तू लगेच गॅसवर तेल ठेवलंस. मी चपला घातल्या होत्या. मग फोन आला, धोका टळला, नुसता वात होता. तू गॅस बंद केलास आणि म्हणालीस, “मेला मरतही नाही वेळेवर. जाऊ दे, तेलात भजी तळू.” भजी चांगली झाली होती.

त्यानंतरच्या थंडीत तूच गेलीस. कामटी मला देऊन गेलीस.

यंदाच्या धूळवडीला मी गेले होते, वाटी घेऊन. बेळ्यांना आता दोघांनी धरावं लागतं, पण वाकतात. माझ्या हातात वाटी बघून ते जरा थांबले. म्हणाले, “आता पुरे करा ना, बाई. ती तर गेली.” मी म्हटलं, तुम्ही आहात ना. आणि थर चढवला. तिथून सरळ घरी येऊन मी अंगावरचा शेंदूर-गुलाल जाईपर्यंत आंघोळ केली.

त्यांची तब्येत बरी आहे, असं ऐकते. कामटी माझ्या स्वयंपाकघरात, लाटण्याशेजारी टांगलेली आहे. तेलही घरात असतं. कोपरा अजून तसाच बुजलेला आहे, सुमेधा, आणि मुसळ कुठल्या खांद्यावर होतं ते मला अजून सांगता येत नाही.