पुलावर राहिलेला रेडा

तो गेम माझ्या नवऱ्याने आम्हा दोघांसाठी घेतला होता. तो नोकरीला मुंबईत, मी सासरी रत्नागिरीजवळ पावसला. रोज संध्याकाळी तासभर एकत्र खेळलो की लांब असल्यासारखं वाटणार नाही, असं त्याचं म्हणणं. महिन्याभरात त्याची शिफ्ट बदलली आणि खेळायला मी एकटीच उरले.

जाताना तो जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेला होता. असला गेम चालवायची ताकद त्यात नव्हती, म्हणून त्याने एका क्लाउड सेवेवर खातं काढून दिलं होतं. गेम आपण विकत घ्यायचा, पण तो चालणार त्या सेवेच्या कुठल्या तरी लांबच्या दणकट कॉम्प्युटरवर. आपल्याकडे नुसतं चित्र येणार आणि आपण दाबलेली बटणं तिकडे पोचणार. वाडीत फायबर आलं होतं, त्यामुळे चित्र छान यायचं.

गेम साधा होता. दोन माणसं बर्फाच्या डोंगरातून एक याक घरी घेऊन चालली आहेत. एकाने पुढून दोर धरायचा, दुसऱ्याने मागून हाकायचं. दोघांनी खेळायचा गेम मी एकटी खेळत होते, त्यामुळे मागचा माणूस बर्फात नुसता उभा असायचा आणि याक जागचा हलायचा नाही.

दसरा होऊन गेला होता, भाताची कापणी आटपली होती. दुपारी जेवणं झाली की सासूबाई आडव्या व्हायच्या, दादा म्हणजे माझे थोरले दीर बागेत जायचे आणि मी माझ्या खोलीत लॅपटॉप उघडायचे. एक दिवस माझ्या जाऊबाई सुई मागायला आल्या. त्यांना मी वहिनी म्हणते. अठरा वर्षं त्यांनी एकटीने ते घर सांभाळलेलं. मला येऊन दहा महिने झाले होते आणि तेवढ्यात आमचं बोलणं ‘मीठ घातलंस काय?’ आणि ‘हो घातलं’ याच्या पुढे गेलं नव्हतं. मी त्यांना आवडत नाही, असं मी मनाशी धरून चालले होते.

मी सुई शोधून दिली आणि परत याकचा दोर ओढायला लागले. वहिनी स्क्रीनकडे बघत होत्या.

“असा काय ओढतेस गो त्याला?”

“तो हलतच नाही, वहिनी. तीन दिवस इथेच आहे.”

“म्हैस कधी बांधली नाहीस वाटतं. आधी चरू दे त्याला. पोट भरलं की येईल.”

“हा याक आहे. थंडीतला असतो.”

“असूदे. रेडाच तो.”

मी दोर सैल सोडला. त्या जनावराने मान खाली घातली, बर्फातून डोकावणारं गवत खाल्लं आणि दोन मिनिटांनी आपणहून चार पावलं पुढे आलं. मी वहिनींकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण सुई घेऊनही त्या गेल्या नाहीत.

“मागून हाकायला कुणी नाय?”

“आहे ना. तो दुसऱ्याने खेळायचा.”

त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. नवऱ्याने लॅपटॉपसोबत ठेवलेला गेमपॅड मी त्यांच्या हातात दिला.

पहिले आठ दिवस त्यांचा माणूस सारखा दरीत पडत होता. “मेला वाटतं माझा,” म्हणायच्या आणि गेम त्याला परत उभा करायचा. मग हात बसला. बर्फ त्यांनी कधी पाहिलेला नव्हता, पाहिला तो फक्त मासळीच्या पेटीत. “एवढा बर्फ आणि एक मासा नाय,” असं एकदा म्हणाल्या आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की पलीकडच्या खोलीतून सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं.

समोर खेळ चालू असला की बोलायला सोपं जातं. एकमेकींकडे बघावं लागत नाही. वहिनींचं माहेर मंडणगडकडे, डोंगरात. घरी चार म्हशी होत्या आणि दहावीपर्यंत शाळा सुटली की त्या चरायला न्यायचं काम यांचं. पुढे शिकायचं होतं, पण कॉलेज लांब आणि एसटी दिवसातून दोनदा. हे सगळं याकला चढ चढवताना तुकड्यातुकड्यांनी कळलं.

“तुझं लग्न ठरलं तेव्हा मला भीती वाटलेली,” त्या एका दुपारी म्हणाल्या.

“कसली?”

“कॉम्प्युटर शिकलेली येणार. माझ्या बोलण्याला हसेल.”

“मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही.”

“मी कधी म्हटलं तसं?”

“काहीच म्हणत नव्हतात ना.”

वहिनींनी आपला माणूस याकच्या मागे नेला. मग म्हणाल्या, “दोर सैल कर, त्याला आवळतोय.”

मार्गशीर्ष लागला तेव्हा आम्ही एका झुलत्या पुलापाशी पोचलो होतो. फळ्यांचा पूल, खाली दरी. याक पुलावर दोन पावलं टाकायचा आणि थांबायचा. मी पुढून ओढून बघितलं, वहिनींनी मागून हाकून बघितलं, चारून बघितलं. चार-पाच दुपारी त्यातच गेल्या. मग एक दिवस त्या ओल्या हातांनीच खोलीत आल्या. भांडी तशीच टाकून आल्या होत्या.

“सुचलं गो. आमच्याकडे साकवावर म्हैस अडली की तिच्या डोळ्यांवर गोणपाट टाकतात. पाणी दिसलं नाय की चालते. त्या माणसाच्या अंगावर घोंगडी हाय ना? ती टाकू डोळ्यांवर.”

मी घाईने लॅपटॉप उघडला. नेहमीच्या जागी गेमचं चित्र नव्हतं. दुसऱ्या गेमची चित्रं होती, आमचं नव्हतं. नाव टाकून शोधलं, तर एक ओळ आली: प्रकाशकाने आपले गेम या सेवेवरून काढून घेतले आहेत.

“म्हणजे बंद पडलाय?” वहिनींनी विचारलं.

“बंद नाही. गेम आपलाच आहे. हे बघा, खरेदीच्या यादीत आहे. फक्त या सेवेवर आता चालवता येणार नाही.”

“म्हणजे तांदूळ आपले, गिरण चालू, आणि ज्याच्याकडून तांदूळ घेतले तो म्हणतो या गिरणीत दळू नका?”

“तसंच.”

“का?”

ते मलाही ठाऊक नव्हतं. मी गेम सरळ लॅपटॉपवर उतरवून बघितला. पंखा घरघरायला लागला, चित्र एका जागी गोठलं आणि शेवटी स्क्रीनच काळी झाली. नवऱ्याला फोन केला. तो बिचारा कामात होता. “अगं, दुसरा घे की एखादा. तिथे शेकड्यांनी आहेत,” म्हणाला. फोन स्पीकरवर होता. वहिनी हळूच म्हणाल्या, “दुसरा नको. तो रेडा तिथेच उभा असेल ना, पुलावर?”

मला राग आला होता. मी गेमवाल्यांना इंग्रजीत लांबलचक मेल लिहिली. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण चार दिवसांनी आलं आणि ते यंत्राने लिहिलेलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं की आमची कंपनी लहान, मोजकीच माणसं. त्या सेवेने आम्हाला नीट विचारल्याशिवाय आमचा गेम आपल्या यादीत घातला. कराराचं काही ठरेपर्यंत काढून घेण्याखेरीज आमच्याकडे दुसरा उपाय नव्हता. मधल्यामध्ये तुमच्यासारख्यांचा खोळंबा होतो याचं वाईट वाटतं. आणि शेवटी एक ओळ: तुम्ही कुठपर्यंत पोचला होतात?

मी वहिनींना ते मराठीत वाचून दाखवलं. त्या चिडतील असं वाटलं होतं.

“त्यांचं पण बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “आपल्या बागेतले आंबे आपल्याला न सांगता कुणी आपल्या पेटीत भरून विकले, तर हे गप्प बसतील काय? नाय बसायचे. आणि ते सेवावाले तरी आपलं काही वाईट करायला बसले नव्हते. एवढे दिवस चालवलंच ना त्यांनी.” मग म्हणाल्या, “त्यांना लिही, पुलाजवळ.”

मी लिहिलं, पुलाजवळ.

कलमांना मोहोर फुटायला लागला होता. एकदा आंबा सुरू झाला की दुपार अशी राहत नाही. उतरवणं, निवडणं, पेट्या भरणं. जूनपर्यंत कुणाला बसायला फुरसत नसते. हे दोघींनाही माहीत होतं, म्हणून गेमचं नावच काढत नव्हतो. दुपारी वहिनी खोलीच्या दारापर्यंत यायच्या, काहीतरी निमित्त काढायच्या आणि परत जायच्या. बोलणं पुन्हा मिठावर येईल की काय, अशी मला धास्ती वाटायला लागली.

तेव्हा मला माझी एक कॉलेजची मैत्रीण आठवली. ती रत्नागिरीत लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. तिच्याकडे मोठा कॉम्प्युटर आहे, हे मला माझ्याच लग्नाच्या व्हिडिओमुळे ठाऊक होतं. भीत भीत फोन केला आणि सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, “पौष लागतोय. पौषात लग्नं कुठे असतात? कॉम्प्युटर मोकळाच आहे. या दोघी.”

दादांना वहिनींनीच सांगितलं, जेवायला वाढताना. “उद्या आम्ही दोघी रत्नागिरीला जाणार. कॉम्प्युटरचं काम हाय.” दादांनी मान वर केली, दोघींकडे बघितलं आणि म्हणाले, “बरं. फवारणीच्या पंपाचा वॉशर आणा येताना.”

सकाळच्या एसटीने गेलो. वॉशर आधीच घेऊन टाकला. मैत्रिणीने माझ्या खात्यातून गेम उतरवून ठेवला होता, चहा केला, दोन खुर्च्या मांडल्या. एवढा मोठा स्क्रीन वहिनींनी पहिल्यांदाच बघितला. गेम उघडला. पहिलंच दृश्य होतं, डोंगराचा पायथा. आमचा सगळा प्रवास त्या सेवेच्या कॉम्प्युटरवर राहिला होता. इथे काही नव्हतं. दोन महिन्यांच्या दुपारी गेल्या होत्या.

मी माउस सोडून दिला. “वहिनी, पहिल्यापासून आहे सगळं.”

त्यांनी घरून आणलेला गेमपॅड उचलला. “मग पहिल्यापासून. आता वाट ठाऊक हाय.”

आणि खरंच होती. कुठे चारायचं, कुठे थांबायचं, कुठल्या कड्यावर दोर आखूड धरायचा, हे वहिनींना पाठ होतं. मी काही विचारायच्या आत त्या सांगत होत्या. मैत्रीण मागे उभी राहून बघत होती, अधूनमधून “अय्या” म्हणत होती. महिने लागलेली वाट चार तासांत संपली. पुलापाशी पोचलो तेव्हा एसटीची वेळ झाली होती. मैत्रीण म्हणाली, “जा आता. पुढच्या मंगळवारी या. मी हात लावत नाही.”

तो आठवडा वहिनी घोंगडीचाच विचार करत होत्या.

मंगळवारी बसल्या बसल्या तेच करून बघितलं. माझ्या माणसाने घोंगडी काढली, पण ती याकच्या पाठीवरच पडत होती. डोळ्यांवर काही जाईना. दहा वेळा केलं. वहिनींचा चेहरा उतरला. मला त्यांच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण ती युक्ती खरी होती, गेम बनवणाऱ्यांना ती ठाऊक नव्हती एवढंच.

“सोड त्याला,” वहिनी एकदम म्हणाल्या.

“म्हणजे?”

“दोर टाक खाली. मी पण मागून येत नाय. आपण दोघी पलीकडे जाऊ. कंटाळला की येईल.”

दोघी पूल ओलांडून पलीकडे जाऊन उभ्या राहिलो. याक अलीकडे एकटाच. वारा सुटल्याचा आवाज येत होता. बराच वेळ गेला. मग त्याने एक पाय फळीवर ठेवला, थांबला, दुसरा ठेवला आणि डुलत डुलत सगळा पूल पार करून आमच्या पुढ्यात आला.

वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर बोटांचे वळ दिसत होते.

पुढची वाट उताराची होती. दुपारी तीनच्या सुमाराला याक घरी पोचला. एक म्हातारी दार उघडते, त्याच्या कपाळावरून हात फिरवते आणि संपतं. मग गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली. मैत्रीण बंद करायला पुढे झाली, तर वहिनी म्हणाल्या, “राहू दे, वाच गो ती.” मी सगळी नावं वाचली. फार नव्हती. मला उत्तर लिहिणाऱ्याचं नाव त्यांत होतं.

रहाटाघर स्टँडवर जायच्याऐवजी वहिनी रस्त्यात उभ्या राहिल्या. “मांडवीच्या जेटीवर जायचं?” रत्नागिरीला त्या दवाखान्यासाठी आणि बाजारासाठी शंभरदा आल्या असतील. काही काम नसताना जेटीवर बसायला कधी आल्या नव्हत्या. आम्ही रिक्षाने गेलो, भेळ घेतली आणि टोकाला जाऊन बसलो. होड्या परत येत होत्या. वहिनी होड्या मोजत होत्या. मधेच म्हणाल्या, “बारावी बाहेरून देता येते म्हणतात. खरं काय गो?” मी म्हटलं, खरं आहे, फॉर्म मी बघून देते.

घड्याळात बघितलं, तर पावसची गाडी गेली होती. पुढची उशिरा होती. वहिनींनी पिशवीतून फोन काढला आणि स्पीकरवर टाकून दादांना लावला.

“आम्हाला उशीर होईल. आमटी केलेली हाय. भात लावा तेवढा.”

पलीकडे डबे उघडल्याचं ऐकू आलं. मग दादांचा आवाज आला, अगदी हळू, बाजूला कुणी ऐकू नये असा.

“पाणी किती घालू?”

वहिनींनी भेळेचा कागद माझ्या हातात दिला आणि तांदळावर बोट उभं धरून पाणी कसं मोजायचं ते नीट समजावून सांगायला लागल्या.