दुसरा रकाना

वेणूआत्या. माझ्या बापाची थोरली बहीण. माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं ते तिच्यामुळे, म्हणून तिचं नाव आधी घेतो. आणखी एक कारण आहे. त्या दिवशी हॉलमध्ये माझं नाव कोणी घेतलं नाही.

हॉल मोठा. एसी लावलेला. टेबलावर प्रत्येकापुढे पाण्याची बंद बाटली. उन्हाळ्यात तापी आटली तर बुऱ्हाणपूर शहराला पाणी कुठून द्यायचं, त्याचा आराखडा आमच्या एजन्सीने केला होता. तो त्या दिवशी अधिकाऱ्यांपुढे ठेवायचा होता. मी नवा शर्ट घातला होता. निघताना आईने कॉलर दोनदा सरळ केली होती. शहरातल्या आणि आसपासच्या तीस विहिरी मी एकट्याने मोजल्या होत्या. दोन महिने, सायकलवर. आराखड्याच्या पहिल्या पानावर तुझं नाव येईल, असं मला सांगितलं होतं.

पहिलं पान मी दारातच पाहिलं. वर आमच्या साहेबांचं नाव. त्याखाली अनुजचं. त्याखाली पान कोरं.

साहेब म्हणाले, "तू टेप लेके बाहर बैठ. जरूरत पड़ी तो बुलाएँगे."

आतल्या कोणीतरी विचारलं, हा कोण. साहेब म्हणाले, "अपना रस्सीवाला है. कुएँ में रस्सी डालता है."

सगळे हसले. फार नाही. चहा पिताना हसतात तेवढं.

मी बी.एस्सी. झालेला. आमच्या घरातला पहिला. बाहेरच्या बाकावर बसलो, मांडीवर विहीर मोजायची टेप घेऊन. दार अर्धं उघडं राहिलं होतं. आतलं सगळं दिसत होतं. अनुज पडद्याजवळ उभा होता. एक हात खिशात.

अनुज साहेबांचा भाचा. माझ्याच वयाचा, इंदूरला शिकलेला. तो वाईट असता तर बरं झालं असतं. पण तो डब्यातली पुरी अर्धी तोडून माझ्या हातावर ठेवायचा. खांद्यावर हात टाकून 'यार' म्हणायचा. आणि मी जळायचो. त्याच्या बुटांवर नाही, मोटरसायकलवर नाही. एकदा त्याच्या घरी रजिस्टर द्यायला गेलो होतो. तो अंगणातल्या बेसिनला हात धूत होता. तेवढ्यात फोन आला. नळ तसाच सोडून तो बोलू लागला. पाणी वाहत होतं. मला राहवलं नाही, मी पुढे होऊन नळ बंद केला. तो फोनवर हात ठेवून म्हणाला, "अरे, चलने दे. ऊपर टंकी फुल है."

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. मला तो नळ पाहिजे होता. आणि 'चलने दे' असं सहज म्हणणारं तोंड पाहिजे होतं.

घरी जाताना सगळ्या रस्त्याने मी ते दोन शब्द पुटपुटत आलो. चलने दे. चलने दे. माझ्या तोंडात ते बसत नव्हते.

हे जळणं लहानपणचंच. आम्ही लोधीपुऱ्यातले. आमची गल्ली पाइपलाइनच्या अगदी शेवटी. पुढच्या सगळ्यांचं भरून झाल्यावर आमच्या नळाला करंगळीएवढी धार यायची. नेमकी शाळेच्या वेळेला. आई पहाटेच कामाला जायची, बाप पॉवरलूमवर. म्हणून नळावर मी. शाळेत पोहोचेपर्यंत प्रार्थना संपलेली. गुरुजी उशिरा येणाऱ्यांना ओट्यावर वेगळं उभं करायचे आणि वेळेवर येणाऱ्या पोरांच्या खिशाला लाल फीत लावायचे. फीतवाल्या पोरांच्या घरात नळ होते. त्यांच्या डोक्याला साबणाचा वास यायचा. माझ्या बाह्या ओल्या. गुरुजी एकदा म्हणाले, "हा पाण्यात खेळून येतो." सगळी पोरं हसली. ती लाल फीत मला अजून आठवते.

हे मी घरी सांगितलं नाही. आत्याला कसं कळलं माहीत नाही. ती तेव्हा विधवा होऊन आमच्याकडेच राहायची आणि शाहपूरकडे केळीच्या मळ्यात घड वाहायला जायची. दुसऱ्या दिवशी ती नळावर आली, माझा हंडा पायाने सरकवला आणि खाली बसली.

"भाऊ, तू जाय शाळेत. मी हाये इथं."

"तुला कामाला उशीर होईल ना?"

"होऊ दे. केळ काय पळून चाललं?"

ती बसली ती सहा वर्षं बसली. उशिरा गेली म्हणून मुकादम तिला सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातले घड द्यायचा. तिच्या प्रत्येक लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. मला लाल फीत मिळू लागली. मी शाळेत बसलो तेवढा वेळ ती नळावर बसली. माझी डिग्री म्हणजे तेवढंच.

विहीर वाचायलाही मला तिनेच शिकवलं. सुटीच्या दिवशी मळ्यात न्यायची. मळ्याचा मालक बायकांना सांगायचा, विहीर तुडुंब आहे, यंदा पाणी पुरतं. आत्या हळूच मला म्हणायची, "लाइट नाही म्हणून भरलेली दिसते. मोटर दोन घंटे चालू दे, मग वाकून पाह्य." मी वाकून पाहायचो. दोन तासांनी तळाचा खडक दिसायचा.

एजन्सीच्या तक्त्यात नेमके हेच दोन रकाने होते. पहिला: विहीर शांत असताना पाणी किती. दुसरा: तीन तास मोटर चालवल्यावर किती उरतं. टंचाईत कामाचा असतो तो दुसराच. पण पहिला भरायला दहा मिनिटं लागतात आणि दुसऱ्याला अर्धा दिवस. मालकाला राजी करा, लाइटची वाट पाहा, उन्हात उभे राहा. माझे पहिले रकाने भरून झाले होते. दुसरे सगळे रिकामे.

अनुज म्हणाला, "यार, पहले में से दो मीटर माइनस कर और लिख दे. कौन देखने आता है?"

मी तक्ता पिशवीत घालू लागलो.

"शुक्रवार तक दे दे. फ्रंट पेज पे तेरा नाम मैं डलवाता हूँ."

मी ते घरी खाटेवर बसून एका दुपारी लिहिलं. सहातून दोन, चार. पाचातून दोन, तीन. त्यातली सतरावी विहीर आमच्याच गल्लीच्या तोंडाची. मे महिन्यात ती चाळीस मिनिटं चालते आणि मग चिखल देते, हे मला लहानपणापासून माहीत. तिथे हात थांबला. थांबला, पण मला पहिलं पान दिसलं. अनुजच्या नावाखाली माझं नाव. त्याच्याच आकाराच्या अक्षरात. मी दोन वजा केले.

हॉलमध्ये पडद्यावर आधी कुंडी भंडाऱ्याचा, त्या मुघलांच्या काळातल्या भुयारी पाणीयोजनेचा, फोटो आला. बुऱ्हाणपुरात पाण्यावर कोणीही बोलो, पहिला फोटो तोच. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग शहराचा नकाशा आला. काही भाग पिवळे, काही हिरवे. आमची गल्ली हिरवी.

अनुज सांगत होता, "ग्रीन एरिया में मई-जून में लाइन बंद रख सकते हैं. इनका अपना कुआँ है. ये पानी इधर डायवर्ट हो जाएगा." त्याने काठी नव्या कॉलन्यांवर ठेवली. त्याचं घर तिथेच. ते बेसिनही तिथेच.

मी बाकावर बसून पाहत होतो. तो हिरवा रंग मी भरला होता. खाटेवर बसून. माझ्या आईच्या नळाला पाणी सोडायची चावी मी बंद केली होती आणि ते पाणी 'चलने दे' म्हणणाऱ्याच्या टाकीत चढणार होतं.

टेबलाच्या टोकाला एक वयस्कर अधिकारी होते. त्यांनी विचारलं, "ये लोधीपुरा वाला कुआँ. मई में कितने घंटे चलेगा?"

"छह घंटे, सर. आराम से."

"नापा किसने?"

"बाहर बैठा है, सर."

मला आत बोलावलं. अनुजने स्वतः उठून शेजारची खुर्ची ओढली. "आ यार, बैठ. सर को बता दे. छह घंटे चलेगा ना?"

खुर्ची. गादीची, चाकांची. पुढे बंद बाटली. दोन महिने मला तीच पाहिजे होती. नुसतं 'हाँ सर' म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं.

मी बसलो नाही.

"चाळीस मिनिटं," मी म्हणालो. "मग गाळ."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हिंदी में बोलो. ये एमपी है."

मी हिंदीत बोललो. "चालीस मिनट चलेगा. फिर कीचड़. दूसरा कॉलम मैंने घर बैठके लिखा है. तीसों कुओं का."

कोणी हसलं नाही. त्या अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि कागदावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला अजून माहीत नाही. साहेब म्हणाले, "लड़का घबरा गया है, सर. हम चेक करा लेंगे." मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात, "इसीलिए इन लोगों को अंदर नहीं बुलाते. बाहर जा."

मी निघालो तेव्हा अनुजचा हात त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर तसाच होता. पडद्यावर आमची गल्ली अजून हिरवीच होती.

घरी आईने विचारलं, "नाव आलं का रे?"

"नाही."

"मग शर्ट काढून ठेव. पुढच्या बारीला लागेल."

दुसऱ्या दिवशी फोन आला, येऊ नको. संध्याकाळी अनुजचा मेसेज. "यार, एक हाँ ही तो बोलना था." त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्याला यात माझं नुकसान दिसत होतं. दुसरं काही दिसत नव्हतं. एवढंच पाहून थांबता येणाऱ्या त्या मनाचाही मला हेवा वाटला. लाज वाटते, पण वाटला.

तिसऱ्या दिवशी मी पांढऱ्या ऑइल पेंटचा एक डबा आणि ब्रश आणला. दुपारी लाइट आली तशी गल्लीच्या विहिरीवरची मोटर चालू केली आणि घड्याळ लावून बसलो. शेजारची सखूकाकू हंडा घेऊन आली.

"काय रे, ऑफिसातून काढलं, का रंगकामाला लावलं?"

"दोन्ही."

"मग आमच्या दाराला पण एक हात मार. डिग्रीवाला पेंटर कुठं भेटतो?"

बायका हसल्या. मीही हसलो. या हसण्यात मी बाहेरच्या बाकावर नव्हतो. मग मी त्यांना नकाशातल्या हिरव्या रंगाचं सांगितलं. कोणी भरला तेही सांगितलं. सखूकाकूने हंडा खाली ठेवला. "तू भरला?" एवढंच म्हणाली. पण घरी कोणी गेलं नाही. मोटर बंद पडेपर्यंत सगळ्या तिथेच उभ्या राहिल्या आणि एकेक करून वाकून तळ पाहिला.

आत्या आता धूलकोटला तिच्या लेकीकडे असते. तिला ऐकू येत नाही, फोनवर नुसतं हो हो म्हणते. चौथी शिकलेली आहे. अक्षर मोठं काढलं तर बोट ठेवून वाचते. म्हणून तिला पत्र पाठवलं. ते असं.

"वेणूआत्या, नमस्कार.

माझी नोकरी गेली. चोरीबिरी केली नाही, घाबरू नको. मी खोटं लिहिलं होतं आणि ते मीच चारचौघांत सांगितलं, म्हणून गेली.

लाइट नसली की विहीर भरलेली दिसते, हे तू मला दाखवलं होतंस. मला ते माहीत होतं. तरी तीस विहिरींत मी नसलेलं पाणी लिहिलं. अनुज नावाचा एक मुलगा आहे, मला त्याच्यासारखं व्हायचं होतं. त्याच्या शेजारी बसायचं होतं. अजूनही त्याच्या घरचा नळ आठवला की आत आग होते. ती गेली असं तुला सांगणार नाही. तुला मी आता खोटं लिहिणार नाही.

तू सहा वर्षं माझ्या जागी बसलीस. का, ते मी कधी विचारलं नाही. तू भेटशील तेव्हा विचारीन.

काल आपली विहीर चालवून पाहिली. आत्ता एप्रिलमध्ये सव्वा तास. मेमध्ये चाळीस मिनिटं, तू म्हणायचीस तेवढीच. सखूकाकूने आणि बाकीच्या बायकांनी वहीत सह्या केल्या, ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे दिले. विहिरीच्या कठड्यावर मी दोन्ही आकडे रंगवले. शांत असतानाचा आणि चालू असतानाचा. एवढे मोठे, की गाडीतून न उतरता वाचता यावेत.

एकोणतीस विहिरी राहिल्या. प्रत्येकीवर जाणार, मोटर लावणार, लोकांदेखत दुसरा आकडा लिहिणार. मग वही घेऊन त्याच हॉलमध्ये जाणार. सखूकाकू बरोबर येणार म्हणते. आम्ही मराठीतच बोलू.

आपल्या लाइनची चावी चौकात आहे, लोखंडी झाकणाखाली, तुला माहीत आहे. मेमध्ये ती बंद करायला माणूस आला तर त्याला आधी विहिरीवर नेईन. मोटर चालू करीन. चाळीस मिनिटं माझ्याबरोबर उभा ठेवीन आणि वाकून पाहायला लावीन. त्यानंतरही तो चावी फिरवायला निघाला, तर मी त्या झाकणावर बसेन. तू नळावर बसायचीस तसा. उठणार नाही."