ठरलेला उमेदवार

यतीनला जाहिराती वाचता येतात. म्हणजे त्यांच्या आत काय आहे ते.

तो डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढला. गवतांवर पीएचडी केली. तलासरीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवतो. मुलाखती पुष्कळ दिल्या. प्रत्येक ठिकाणी माणूस आधीच ठरलेला, बाकीचे कोरम भरायला. आता तो बाहेरच्या बाकावरूनच डोळे बारीक करून ओळखतो. "ज्याला शिपाई नावाने हाक मारतो, तो."

जूनमध्ये मी त्याला मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. विद्यापीठात पोस्टडॉकची एकच जागा. विषय, डहाणू-तलासरीची गवतं. वारली आणि गुजराती बोलता यावी. मोटरसायकल चालवता यावी.

"कुणाच्या तरी मापाने शिवलीय," तो म्हणाला.

"तुझ्याच मापाची आहे की."

"शैलेश, तू एम. ए. मराठी. तुला सगळ्याचा शेवट गोडच दिसतो."

तरी अर्ज केला. पस्तिशीनंतर ही दारं बंद होतात, आणि त्याला पस्तिसावं लागायला आलं होतं. कैनाडच्या देवळात त्याच्या आईने देवीला नारळ बोलला. "देवीची तिथे ओळख आहे का?" त्याने आईला विचारलं.

पुढचं त्याने मला मसोलीच्या नाक्यावर सांगितलं. चहा पुढ्यात तसाच होता.

मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर त्याच्याशेजारी जयश्री बसली होती. तलासरीकडची, तिनेही गवतांवरच काम केलेलं. तिची वारली घरची. यतीनची, गवत गोळा करता करता शिकलेली. तिने डब्यातली भाकरी याला दिली.

"ठरलेला अजून आला नाही," हा कुजबुजला.

"मग आपण कशाला आलो, सर?"

"कोरमला."

ती हसली. तेवढ्यात एक सूटवाला आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हाच.

मग शिपाई आला. "यतीन सर, चहा घेणार?"

हातातली भाकरी याने डब्यात परत ठेवली.

आत गवताचं कुणी काही विचारलंच नाही. प्राध्यापक म्हणाले, "नाशिकला तुमचा पेपर ऐकला, आणि घरी येऊन जाहिरात लिहिली. रुजू कधी होता?" त्यांना वाटलं, आपण कौतुक करतोय.

परतीच्या एसटीत जयश्री शेजारीच होती. "तो सूटवालाच ना, सर?"

याने खिडकीबाहेर पाहिलं. मग सांगितलं, "नाही. मी."

मनोर मागे पडलं.

"मला आत एकच विचारलं," ती म्हणाली. "येताना त्रास नाही ना झाला, एवढंच." मग मांडीवरची जाड फाइल पिशवीत घातली. "चला. या खेपेला आपल्याकडचा तरी ठरला."

चारोटीला हा उतरला. तिने हात केला नाही.

"पण तू लायक होतास," मी म्हणालो.

"असेन. तिला आत गवताचं विचारलं असतं तर कळलं असतं."

चहावर साय धरली होती.

"घेणार आहेस ना जागा?"

"घेणार," तो म्हणाला. लगेच.

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. डोळे बारीक करून. असं बघायला मला त्यानेच शिकवलं होतं.