रुमालाखालची तारीख

आमच्या कंपनीत कुठलंही काम सुरू होण्याआधी माझ्या रुमालाखाली हात घालावा लागतो. नव्याने रुजू झालेल्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात, मग इकडेतिकडे बघतात, आणि बाकी कोणीच हसत नाही म्हटल्यावर गप्प होतात.

कंपनी बीडमध्ये आहे. खाली ठिबकच्या पाइपांचं दुकान, वर आमचे मजले. माणसं दीडएकशे. सगळ्यांचा चहा एका किटलीत मावेल इतकी ती लहान नाही, आणि कोणाचं लग्न ठरलंय ते मालकांना कळू नये इतकी मोठीही नाही. साखर कारखाने, बाजार समित्या, पतसंस्था यांची सॉफ्टवेअरं आम्ही करतो. ग्राहकाला काय हवंय ते ऐकून घ्यायचं आणि ते किती दिवसांत होईल हे आमच्या मुलांकडून काढून घ्यायचं, हे माझं काम. पहिलं सोपं आहे. दुसऱ्यात रक्त आटतं.

कारण मुलं खोटं बोलतात. वाईट मनाने नाही, लाजेखातर. बैठकीत विचारलं, "हे किती दिवसांचं काम?" की सगळ्यात जुना गडी छाती काढून म्हणतो, "चार." मग ओळीने सगळे चार. ज्याला ते काम खरं करायचंय तोही म्हणतो, "चार, ताई," आणि त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दहा दिसतात. मग काम अडकतं, ग्राहक फोनवर ओरडतो, मी मुलांवर ओरडते. माझ्या टेबलावर कंपनी हल्ली स्वस्तातलेच माउस ठेवते, ते यामुळेच.

अशाच एका बैठकीत माझं डोकं फिरलं. स्कूटीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ मी पंजावर टाकला आणि म्हणाले, "एकेकाने या. यात हात घाला आणि जितके दिवस खरे, तितकी बोटं दाबा. मी कोणाला सांगणार नाही."

हे मी कुठून आणलं ते नेकनूरच्या बाजारात बैल घेतलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. माझे वडील त्या बाजारात दलाल होते. तिथे बैलाची किंमत तोंडाने बोलायची नसते. रुमालाखाली हात घ्यायचा, बोटं दाबायची. भोवती घोळका उभा असला तरी आकडा त्या दोन हातांतच राहतो. वडील घरी चहा पिताना माझा हात रुमालाखाली ओढून बोटं दाबायचे. "सांग, किती झालं?" चुकले की माझ्या बशीतला चहा त्यांचा. मला चहा लई आवडायचा, त्यामुळे मी लवकर शिकले.

त्या दिवशी स्कार्फाखाली खरं बाहेर आलं. चार म्हणणाऱ्या त्या जुन्या गड्याने माझा अख्खा पंजा दोनदा आवळला, आणि वर चेहरा असा की जणू देवळात उभाय. दुसऱ्या दिवशी मी घरून वडिलांचा लाल चौकड्यांचा रुमाल आणला. तेव्हापासून आमची कामं वेळेवर व्हायला लागली.

आता खरं दुखणं सांगते.

डिलिव्हरी हेडची जागा माझी होती. तसं लेखी कोणी दिलं नव्हतं, पण बसायला कुठली खिडकी घ्यायची तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. मालकांनी पुण्याहून माणूस आणला. माणूस बरा निघाला, तीच तर अडचण. त्याने रुमाल बघितला, गोड हसला, आणि महिनाभरात पडद्यावर एक स्लाइड आली. 'गोपनीय अंदाज पद्धत'. खाली त्याचा फोटो. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात मालकांनी त्याच पद्धतीसाठी त्याला काचेची ट्रॉफी दिली. ज्योतीच्या आकाराची. तिच्यावर तो हेडफोन अडकवतो.

मी त्याच्या टेबलाशी गेले. "सर, तुम्ही बैल कधी जवळून बघितलाय?"

"मॅडम, तुमचं योगदान आहेच. पण त्याची प्रोसेस मी केली."

पुढे मी काय बोलले ते खाली पाइपवाल्याला जास्त नीट आठवतं, तो अजून सांगतो लोकांना. मला त्याची ट्रॉफी नको होती, खिडकीही नको होती. त्याने सगळ्यांसमोर तोंडाने म्हणावं, की हे नेकनूरच्या बाजारातलं आहे आणि इथे हिने आणलं. एवढंच. ते वसूल केल्याशिवाय सोडायचं नाही, असं मी ठरवलं.

पोळ्याच्या जरा आधी केज तालुक्यातल्या एका कारखान्याचे अध्यक्ष आमच्याकडे आले. धोतर, जाकीट आणि हातात नवाकोरा मोबाइल. गळीत हंगामाची पहिली मोळी पडायच्या आत त्यांना ऊसनोंदीपासून वजनकाट्यापर्यंत सगळं नवं करून हवं होतं. मालक पुण्याला होते, ते पडद्यावरून बैठकीला बसले. हेडने रंगीत आलेख दाखवले आणि शेवटी म्हणाला, "दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर?" अध्यक्ष म्हणाले. "तवर ऊस काय तुमच्या पुण्याला लावून देऊ? पोळ्यापासून दोन आठवडे. बास."

दोन आठवडे ऐकून आमच्या पोरांचे चेहरे पडले. हेड पाणी प्यायला. मी पर्समधून रुमाल काढून टेबलावर पसरला.

अध्यक्षांनी रुमालाकडे बघितलं. "हे कावून काढलं?"

"सौद्याला."

"कोनाची गं तू?"

"नेकनूरच्या बाजारात दलाल होते, त्यांची."

"बायामाणसासंगं रुमालात हात घातला न्हाई मी कधी."

"मग आज घाला. न्हाईतर बसा त्या आलेखासंगं."

ते एवढ्या जोरात हसले की त्यांच्याबरोबर आलेला ड्रायव्हर बाहेरून धावत आला. मग त्यांनी बाही सावरली आणि हात आत घातला. पोळ्यापासून किती आठवडे, एवढंच बोटांनी ठरवायचं होतं. मोळीही त्याच दिवशी.

बाजारात बोटं एक बोलतात आणि तोंड दुसरं. मालाला शिव्या घालणं तोंडाचं काम. अध्यक्षांना ते छान येत होतं.

"तुमचं जुनं सॉफ्टवेअर म्हातार्‍या बैलावानी हाय. एकदा बसलं की उठत न्हाई."

"चारा घालता का त्याला? तुमच्या कारखान्यातल्या इंटरनेटपेक्षा माझ्या आईच्या रेडिओला जास्त रेंज येते."

त्यांनी बोटं दाबली. मी त्यांचा हात झिडकारला. मी दाबली, ते उठून दारापर्यंत गेले, चप्पल घातली, चप्पल काढली, परत आले. मी डोळे मिटून माझ्या नशिबाला दोष दिला. पोरं खुर्च्या सोडून टेबलाशी सरकली.

पडद्यावरून मालक म्हणाले, "आवाज येतोय, पण मला फक्त टॉवेल दिसतोय. काय चाललंय?"

लॅपटॉपशी बसलेला मुलगा म्हणाला, "सर, जरा थांबा. सौदा चालूय."

शेवटी अध्यक्षांनी माझ्या हातावर थाप मारली. "ठरलं."

हेडने लॅपटॉप उघडला. "छान. कोणती तारीख टाकू?"

"न्हाई टाकायची," अध्यक्ष म्हणाले. "आकडा फुटला की सौदा मोडला. तारीख कळली की माझी माणसं त्या दिवसापर्यंत झोपतील. तुमचीबी." चहा संपवून ते निघून गेले.

"मॅडम, तारीख?" हेडने विचारलं.

"सांगता येत नाही."

"मला?"

"कोणालाच."

त्यानंतरच्या दिवसांत मी जितकी हसले तितकी आयुष्यात हसले नाही. कामांची नोंद ठेवायचं आमचं सॉफ्टवेअर तारखेशिवाय पुढे जाईना. हेडने रकाना मोकळा ठेवला की लाल अक्षरं यायची, 'तारीख भरणे आवश्यक'. आम्हीच बनवलेलं, त्यामुळे त्याला कोणाला बोलताही येईना. शेवटी तो रोज सकाळी माझ्याकडे यायला लागला. "आज आधी काय घ्यायचं?" मी सांगायची. तो मान डोलवून जायचा. खुर्ची त्याची होती आणि काम माझ्या तोंडातून निघत होतं.

पोरं तर माझ्या तोंडाकडे बघून तारीख वाचायला लागली. मी पेढे आणले की पळापळ. परळीला मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला गेले तेव्हा सगळी निवांत झाली, "ताई गेलीय म्हणजे अजून लांब हाय बे." दुपारी मी नटूनथटून, मेंदीच्या हाताने ऑफिसात हजर. एकाच्या हातातला वडापाव खाली पडला. शेवटचा दिवस कुठला हेच माहीत नसल्याने शेवटच्या दिवसावर कोणी काही ढकलेना.

मालकांचाही फोन आला. "मी मालक आहे. मला तारीख कळायला हवी."

"मग हात तुम्ही घालायचा होता," मी म्हणाले. पलीकडून मग हसण्याचा आवाज आला. मला त्या हसण्याचाही राग आला.

मग एका दुपारी हेडने माझ्या खोलीचं दार लावून घेतलं. "मॅडम, पोरांच्या सुट्ट्या मंजूर करायच्यात. मला तारीख लागेलच. बाहेर जाणार नाही."

मी रुमाल पसरला. "रुमालाखाली कळलेलं रुमालाखाली राहतं. पण आधी माझी किंमत."

त्याला किंमत माहीत होती. "स्लाइड बदलतो."

"स्लाइड नको. तोंडाने."

"कोणासमोर?"

"सगळ्यांसमोर. अध्यक्षांसमोरसुद्धा. मोळीच्या दिवशी."

त्याने दार नीट लागलंय का ते बघितलं. मग त्याने हात आत घातला, तोही हस्तांदोलन करावं तसा. मी त्याची बोटं नीट लावून दिली आणि दाबली.

"इतक्या लवकर?" तो ओरडला, आणि घाम पुसत पळाला. पण त्याने बाहेर एक शब्द काढला नाही. तेवढा माणूस सच्चा.

मोळीच्या आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांना सांगितलं, "उद्या." कोणी ओरडलं नाही. काम झालेलं होतं. सकाळी कारखान्यावर पहिली बैलगाडी काट्यावर चढली, वजन पडद्यावर आलं, पावती सुरसुरत बाहेर पडली, आणि आमच्या पोरांनी काट्यावरच नाचायला सुरुवात केली. यंत्रावर गाडीबरोबर त्यांचंही वजन दिसत होतं. अध्यक्षांनी पावती कपाळाला लावली आणि कारखान्याच्या गव्हाणीत उसाची मोळी टाकली.

मग हेडने माइक घेतला. माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला. त्याने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी कारखान्याचा भोंगा वाजला. हंगामाचा पहिला भोंगा, तो कशाला लवकर थांबतो. हेडचे ओठ हलत होते, हात नेकनूरच्या दिशेने गेला, मग माझ्याकडे आला. भोंगा थांबला तेव्हा तो म्हणत होता, "धन्यवाद."

"काय म्हणला ह्यो?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"परत म्हणेल," मी म्हणाले.

परतीच्या गाडीत आमचं जुंपलं. "मी बोललो, मॅडम!"

"ऐकलं कोणी?"

"भोंगा मी वाजवला का?"

"मग मी वाजवला?"

मागे पोरं हसून हसून एकमेकांवर पडत होती. दुसऱ्या दिवशी हेडफोन काढलेली ट्रॉफी माझ्या टेबलावर आली. मी परत पाठवली. ट्रॉफी मागितलीच नव्हती. तासाभराने तो स्वतः आला, दार लावलं, आणि न सांगता रुमालाखाली हात घातला. या वेळी बोटं बरोबर लावली होती. त्याने ते वाक्य किती वेळा म्हणायचं, यावर आम्ही बराच वेळ घासाघीस केली. तो दोनदा दारापर्यंतही जाऊन आला. शिकतोय.

आकडा रुमालाखाली ठरलाय, म्हणून इथे लिहिता येत नाही. सोमवारच्या बैठकीत त्याने एकदा म्हटलं, सगळ्यांसमोर, मोठ्याने. खिडक्या मी आधीच लावून घेतल्या होत्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

अजून बाकी आहे.